हर्णैच्या आभाळाविषयी चोपड्याहून

चोपडा, जि. जळगाव
आश्विन वद्य षष्ठी, गुरुवार

प्रिय मित्र वसंत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. घामाने सदरा पिळावा लागतो, भात पिवळे होऊन उभे आहे, मोबाइलवर मात्र सातही दिवस सूर्याचेच चित्र दिसते, तेव्हा कापणी एकदम उरकावी की थांबावे, असे तू विचारले आहेस. समुद्रापासून इतक्या दूर बसून हर्णैचे हवामान सांगणाऱ्या माणसाला तुमच्या बंदरावरचे लोक हसतील, हे मला ठाऊक आहे. परंतु गेली काही वर्षे ऑक्टोबर लागला की मी जळगाव जिल्ह्याच्या आधी कोकण किनाऱ्याचा अंदाज वाचतो. आमच्या फुटलेल्या कापसाचे काय होणार, हे पुष्कळदा तुमच्या समुद्रात ठरते.

उकाड्याचे आधी लिहितो, कारण तुझी तक्रार त्याचीच अधिक आहे. आज दुपारी आमच्याकडे पारा ३६ अंशांवर गेला आणि तुमच्याकडे ३४ वर थांबला, तरी हाल तुझेच अधिक झाले असतील. इथला घाम कोरड्या हवेत लगेच उडून जातो, तुमच्याकडे तो अंगावरच राहतो. शिवाय आम्हाला पहाटे गोधडी ओढावी लागते, तर तुमचा समुद्र दिवसभराची ऊब धरून ठेवतो आणि रात्रीही पारा फारसा उतरू देत नाही. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते आठव. मान्सून परतला की जमिनीकडून येणारा पूर्वेचा वारा जोर धरतो आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावर लवकर येऊ देत नाही. तो अकराच्या सुमारास आला तर दिवस सुसह्य जातो. दोन वाजेपर्यंत अडला, तर तेवढ्या वेळात ऊन आपले काम करून जाते. पुढच्या चार दिवसांच्या अंदाजात कमाल तापमान ३४ ते ३५ अंश आणि वारा पूर्वेचा सांगितला आहे, म्हणजे सोमवारपर्यंत तुझी सुटका नाही. गंमत अशी, की तुला भाजून काढणारा हाच कोरडा वारा इकडे आमची बोंडे फोडतो. त्यामुळे तुझ्याविषयी पूर्ण सहानुभूती दाखवणे मला थोडे अवघड जाते आहे.

आता भाताकडे वळतो. शुक्रवार ते रविवार हे तीन दिवस कोरडे आहेत, यावर माझा भरवसा आहे. सोमवारी आणि मंगळवारी मात्र रत्नागिरी जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस लिहिला असून पिवळा इशारा दिला आहे. मोबाइलवरच्या सूर्याच्या चित्रात यातले काहीच दिसत नाही. ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द लोक पाऊस तुरळक पडेल अशा अर्थाने घेतात, आणि तिथेच फसतात. त्या शब्दाचा संबंध पावसाच्या जोराशी नसून जागांशी आहे. विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर चौथ्या हिश्श्याच्या केंद्रांवर पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्या खाचरावर तो पडेल, त्याच्यासाठी तो तुरळक नसतो. आणि ‘मध्यम’ म्हणजे २४ तासांत १५.६ पासून ६४.४ मिलिमीटरपर्यंत काहीही. कापून पसरलेल्या भाताला यातला खालचा आकडाही पुरे होतो.

या पावसाची आणखी एक खोड आहे. जूनमध्ये तू पावसासाठी समुद्राकडे पाहतोस, पण आता समुद्राकडे पाठ करून खेडच्या दिशेला पाहायचे. सकाळभर तापलेल्या सह्याद्रीवर दुपारी ढग उभे राहतात आणि वरचा वारा पूर्वेचा असल्यामुळे ते संध्याकाळी किनाऱ्याकडे उतरतात. म्हणून सकाळी निरभ्र आभाळ पाहून माणसे निर्धास्तपणे खाचरात उतरतात आणि चारच्या सुमारास कडकडाट सुरू होतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप विजेसाठी चांगले आहे, ते मोबाइलवर घे. पण खेडच्या बाजूला ढग काळा झालेला दिसला, तर ॲप उघडत बसू नकोस, गड्यांना घेऊन घर गाठ.

म्हणून माझे मत असे आहे, की सगळे भात एका दमात आडवे करू नकोस. हळवे, म्हणजे लवकर येणारे भात पिकले असेल तेवढे उद्या आणि परवा काप, रविवारच्या उन्हात वाळू दे आणि सोमवारी दुपारच्या आत भारे बांधून आडोशाला आण. उशिरा येणारे गरवे अजून उभेच राहू दे. उभ्या भाताला एखादी सर सोसते, पण जमिनीवर पसरलेल्या लोंब्यांना दोन दिवसांत कोंब येतात.

बुधवारनंतरचे लिहिताना माझा हात जरा जड होतो. आग्नेय अरबी समुद्रात, लक्षद्वीपच्या आसपास, कमी दाबाचे क्षेत्र तयार होण्याची शक्यता अंदाजात दिली आहे. एवढे वाचून आमच्या चहाच्या टपरीवर ‘चक्रीवादळ येणार’ अशी बातमी झालीसुद्धा. वास्तविक वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरपर्यंत पोहोचल्याशिवाय त्याला चक्रीवादळ म्हणत नाहीत आणि नावही देत नाहीत. शिवाय या दिवसांत तिथे जन्मणारी बरीचशी वादळे ओमान किंवा येमेनकडे निघून जातात. पण सगळीच जात नाहीत. २००९ च्या नोव्हेंबरातले ‘फयान’ वळून उत्तरेकडे आले आणि ११ तारखेला अलिबाग ते मुंबईदरम्यान किनाऱ्यावर चढले. तुमच्याकडे त्याची आठवण अजून निघत असेल.

माझी आठवण दुसऱ्या वादळाची आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘क्यार’ आले. २७ तारखेला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, त्याचे महाचक्रीवादळ झाले. २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रात एवढे बळ कोणत्याच वादळाने धरले नव्हते. ते महाराष्ट्राच्या किनाऱ्याला न लागता पश्चिमेकडे निघून गेले, तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण आमची समजूतच चुकीची होती, कारण वादळ दूर गेले तरी त्याने ओढून आणलेला ओलावा राज्यभर पसरत होता, आणि त्याच्या पाठोपाठ समुद्रात ‘महा’ उभे राहिले. माझ्या शेतात पहिली वेचणी अर्धी झाली होती. पावसाने भिजलेला कापूस बोंडांतच काळा पडला आणि आतल्या सरकीला झाडावरच कोंब फुटले. तेव्हापासून वादळ कुठे धडकणार हा प्रश्न मी दुय्यम मानतो. वारा कोणत्या बाजूने आणि किती ओला येणार, हे आधी पाहतो. सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगांमधले आमचे तापीचे खोरे पश्चिमेला सुरतेच्या समुद्राकडे उघडे आहे, हे नकाशात कधी तरी नीट पाहा.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. पाऊस आला तर माझे सगळेच नुकसान होणार नाही. कांदेबागेसाठी, म्हणजे या दिवसांतल्या केळीच्या लागवडीसाठी, केळीचे कंद या आठवड्यात लावतो आहे, त्यांना ओल चालेल. वडिलोपार्जित तुकड्यात दादर ही रब्बी ज्वारी पेरली आहे, ती तर जमिनीतल्या ओलीवरच वाढते. सध्या चित्रा नक्षत्र चालू आहे आणि आमच्याकडचे म्हातारे पुढच्या स्वातीकडे डोळे लावून बसले आहेत, कारण ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ असे ते ऐकत आले आहेत. ही म्हण रचणाऱ्याच्या शेतात कपाशी नसावी, अशी मला दाट शंका आहे.

तेव्हा पहिल्या तीन दिवसांच्या अंदाजावर काम कर, चौथ्या-पाचव्या दिवसासाठी ताडपत्री काढून ठेव, आणि त्यापुढचे दर संध्याकाळी नव्याने वाच, कारण ते रोज बदलणार आहे. मंगळवारी रात्री मी फोन करीन. त्याआधी तुमच्या बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढला किंवा होड्या परत येऊ लागल्या, तर वेळ न पाहता मला कळव. माझ्या ओट्यावर तीन क्विंटल कापूस उघडा पडला आहे, तो मी तेवढ्यावर आत घेईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधुकर