औषधपेटी घेऊन दिंडीत चालणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर माउली,

राम कृष्ण हरी.

आभाराच्या पत्रात 'मोलाचं सहकार्य' असं लिहून मोकळं होता येतं, पण ते वाचून तुम्हीच हसाल. म्हणून आळंदी ते पंढरपूर वाटेवर तुम्ही आमच्या दिंडीसाठी काय करता, ते जसंच्या तसं लिहितो. पत्र सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. दुसऱ्या दिंडीच्या व्यवस्थापकांना यातलं काही उचलता आलं तर उचलू दे.

सगळ्यात आधी बटव्याचे आभार. दिंडीचं सामान ट्रकमध्ये. पहाटे राहुट्या उतरल्या, वळकट्या चढल्या की ट्रक पुढच्या मुक्कामाला निघतो आणि माणसं पायी. रक्तदाबाची गोळी वळकटीत, वळकटी ट्रकमध्ये, ट्रक तरडगावला पोचलेला आणि माणूस अजून चांदोबाच्या लिंबाला रिंगण बघत उभा. दुपारचं औषध चुकतं ते असं. त्यात त्या माउलीचा आळस नसतो. तुम्ही गळ्यात अडकवायचा कापडी बटवा आणलात, त्यात दोन दिवसांच्या गोळ्या, त्याही मूळ पाकिटाच्या पट्टीतच. सुट्या गोळ्या पुडीत बांधायला तुमची सक्त मनाई, कारण माणूस बेशुद्ध पडल्यावर पुडीतली पांढरी गोळी कशाची हे डॉक्टरलाही सांगता येत नाही.

बटव्यातली चिठ्ठी तर दिंडीतल्या प्रत्येकाला पाठ झाली आहे: नाव, गाव, घरच्या दोन माणसांचे नंबर, आजार, चालू औषधं, कशाची ॲलर्जी असेल तर ती, आणि दिंडी क्रमांक. नुसता क्रमांक नाही, पालखीच्या रथापुढचा की रथामागचा तेही. बारा नंबरची दिंडी रथाच्या पुढे असते तशी मागेही असते, आणि चुकलेल्या आजी 'बारा नंबर' एवढंच सांगत राहिल्या तर पोलीस बिचारे त्यांना भलत्याच दिंडीत नेऊन सोडतात. नंबर मोबाइलमध्ये आहे हे उत्तर तुम्ही ऐकून घेत नाही. संध्याकाळपर्यंत मोबाइल मेलेला असतो. चिठ्ठी बॉलपेननेच लिहायची, जेल पेनची शाई पहिल्या सरीत पसरते. आणि नीरेत स्नानाला उतरताना बटवा काढून ठेवला की तो काठावरच राहतो, म्हणून चिठ्ठीची दुसरी प्रत सदऱ्याच्या किंवा परकराच्या आतल्या खिशात शिवलेली.

जोड्यांची पद्धतही तुमचीच. नवरा-बायको किंवा दोन म्हाताऱ्या मैत्रिणी अशी जोडी तुम्ही लावत नाही. एक थकलं की दुसरंही थकलेलं असतं. एक पन्नाशीच्या आतलं, एक साठीच्या पुढचं, आणि दोघं एकाच रांगेत. प्रत्येक विसाव्याला एकमेकांना तीन प्रश्न: पाणी प्यालास का, गोळी घेतलीस का, लघवीला जाऊन आलास का. जोडीतलं माणूस दिसलं नाही तर संध्याकाळपर्यंत वाट बघायची नाही. मुक्कामी होणाऱ्या समाज आरतीला चोपदारांनी दंड उंचावला की हरवलं-सापडलं पुकारलं जातं हे खरं, पण ती वेळ येईपर्यंत मधुमेहाचा माणूस उपाशी राहिलेला असतो.

आता पाय. यावर तुमचा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि आमचाही सगळ्यात जास्त हट्ट इथेच असतो. हरिपाठ झाला, पंगत उठली की तुम्ही गॅसबत्तीखाली पोतं अंथरून बसता. फोड लहान आणि न दुखणारा असेल तर त्याला हात लावायचा नाही, वरून सैल पट्टी. मोठा असेल, तळव्याखाली असेल, पाऊल टाकताना दबत असेल तरच पाणी काढायचं. आधी तुमचे हात साबणाने, मग फोड साबणपाण्याने, मग पॉव्हिडोन आयोडीन. पाकीटबंद निर्जंतुक सुईने फोडाच्या कडेला, खालच्या अंगाला दोन बारीक छिद्रं, आणि वरून गॉज ठेवून बोटाने हळू दाब. वरची कातडी कापायची नाही. खालच्या कोवळ्या त्वचेला तिच्याइतकं चांगलं पांघरूण तुमच्या पेटीत नाही, हे तुम्ही दर वेळी नव्याने सांगता. मग पॅराफिन गॉज, म्हणजे जखमेला न चिकटणारी मेणचट जाळी, त्यावर कोरडा गॉज, आणि कागदी चिकटपट्टी, सुरकुती न पडू देता. पट्टीला चुणी पडली की तिथे उद्या नवा फोड ठरलेला.

आपल्याकडे फोडातून दोरा ओवून तसाच ठेवायची जुनी रीत आहे. पाणी झिरपून जातं, आराम वाटतो, म्हणून ती टिकली. पण रस्त्यावरच्या चिखलातलं सगळं त्याच दोऱ्यावरून आत शिरतं आणि माळशिरसच्या पुढे पाय सुजून लाल होतो. तुम्ही त्या जुन्या माणसांना वेड्यात काढलं नाहीत. दोऱ्याचं काम दोन छिद्रं करतात एवढंच करून दाखवलंत. दोरा आपोआप बंद झाला.

पावसात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात त्याचंही तसंच. मलम मागणारे खूप, पण बोटांमधली जागा फडक्याने टिपून कोरडी करणारे थोडे, आणि ओल्या जागेवर मलम थापलं तर कातडी आणखी पांढरी पडते. आधी कोरडं, मग क्लोट्रिमाझोलची बुरशीवरची पावडर, आणि रात्रीसाठी राखलेला एक कोरडा मोज्यांचा जोड, जो दिवसा कितीही मोह झाला तरी घालायचा नाही. नवे बूट घालून आळंदीला येणाऱ्यांना तुम्ही पुण्यातच ओळखता. निदान महिनाभर वापरलेली पादत्राणं हवीत. मांड्या घासून सोलतात त्यासाठी पहाटे निघण्याआधी व्हॅसलीन. सोललं की लावलं तर नुसतं झोंबतं.

मधुमेहाच्या माणसांसाठी नियम वेगळे, आणि ते तुम्ही कोणासाठी वाकवत नाही. त्यांच्या फोडाला आपण सुई लावायची नाही, थेट वाटेवरच्या दवाखान्यात. अनवाणी चालायचं नाही, नवस असला तरी. गरम पाण्यात पाय बुडवायचे तर पाणी जोडीदाराने स्वतःचं कोपर घालून बघायचं, कारण बधिर पायाला चटका कळत नाही आणि मिठाच्या कढत पाण्याने शेकलेले तळवे सकाळी सोललेले दिसतात. पाय चेपून घेण्याबद्दलही एक इशारा तुमच्यामुळे सगळ्यांना ठाऊक झाला: दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले तर चेपा, पण एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर तिला कोणी हात लावू नका. शिरेत रक्ताची गाठ असेल तर चेपल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

पुण्याहून सासवडला जायचा दिवस बहुधा एकादशीचा. सुमारे ३० किलोमीटर चाल, दिवे घाटाची चढण, आणि पोटात उपास. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि नेहमीचं जेवण घेतलं नाही, तर घाटात साखर घसरते. दरदरून घाम, हात थरथरणं, उगाच चिडचिड, असंबद्ध बोलणं. भजनाच्या रंगात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. डोलतोय असंच वाटतं! म्हणून त्या दिवसाच्या गोळ्यांचं काय करायचं ते ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना निघण्याआधीच विचारून चिठ्ठीवर लिहून आणायचं, हा तुमचा नियम. आणि बटव्यात साखरेची पुडी. तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं, बरं वाटलं नाही तर आणखी तीन, मग केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन. एरवी मात्र उलटी अडचण: दर फर्लांगावर चहा, बुंदी, शिरा, आणि नको म्हणावं तर अन्नदात्याचं तोंड उतरतं. कण तोंडात टाकून उरलेलं जोडीदाराच्या हातावर ठेवायचं, हा तुमचा तोडगा दोन्ही बाजू राखतो.

इन्शुलिनची चालू बाटली फ्रिजबाहेर साधारण २८ दिवस टिकते, पण ३० अंशांच्या आत. ट्रकच्या केबिनमध्ये ती शिजते. तुम्ही मोठ्या मडक्यात लहान मडकं, मध्ये ओली वाळू, आणि आत घट्ट बंद डबीत बाटल्या ठेवता. बर्फात कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्शुलिन वाया गेलं समजायचं.

पाण्याच्या टँकरशी तुमचं नातं स्वयंपाकातल्या माउलींनाही आधी जाचक वाटे. १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे दहा हजारांच्या टँकरला ५० ग्रॅम. बादलीत कालवून, निवळू देऊन, वरचं पाणी ओतायचं आणि गाळ फेकायचा. अर्धा तास थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी, पिवळा रंग आला तरच हंडे भरायचे. रंग येत नसेल तर बहुधा दोन कारणं: पाणी गढूळ आहे, त्याला आधी तुरटी हवी, नाहीतर टीसीएलचं पोतं उघडं राहून त्यातला क्लोरीन उडून गेलाय. जुलाब लागलेल्याला जलसंजीवनीचं पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकलं की मिठाचं प्रमाण बिघडतं, आणि दाट झालं तर जुलाब वाढतात. पाकीट संपलं तर लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. दुसऱ्या दिवशी उरलेलं फेकून द्यायचं.

बायकांच्या वतीने एक वेगळे आभार, कारण हे पुरुष मंडळींना सुचलं नसतं. आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग दुपारी चक्कर, पंढरपूरच्या अलीकडच्या वाखरीपर्यंत लघवीला जळजळ आणि ताप. तुम्ही जास्त पाणी प्या असं सांगत बसला नाहीत. वाटेवर फिरती शौचालयं कुठे उभी आहेत ते आदल्या रात्री विचारून घेता, त्यांच्या अलीकडच्या टप्प्यात पाणी पाजता, आणि दोन बांबूंना बांधलेलं जुनं लुगडं दिंडीबरोबर चालतं. तुळस आणि हंडा डोक्यावर घेणाऱ्या दर विसाव्याला बदलायच्या हेही तेव्हापासूनच. मानेची कळ थांबली.

राहिला गाडीत बसायचा प्रश्न. 'पांडुरंग बघून घेईल' म्हणणाऱ्या म्हाताऱ्याशी वाद घालून कोणी जिंकलेलं नाही. तुम्ही वाद घालत नाही. विणेकऱ्यांना पुढे करता, आणि 'पंढरपूरपर्यंत गाडी' असं न म्हणता 'पुढच्या विसाव्यापर्यंत' म्हणता. माणूस तेवढ्याला तयार होतो. रिंगणाच्या अलीकडे त्याला उतरवून टाळ हातात द्यायचा, हे तुम्ही कधी विसरत नाही, म्हणून पुढच्या खेपेला तो कटकट न करता बसतो. छातीत दुखत असेल, बोलणं जड झालं असेल, तेव्हा मात्र तुमचा आवाज बदलतो आणि विणेकरीही मध्ये पडत नाहीत.

पेटी आमच्याकडे कोरड्या जागी आहे. मुदत संपलेलं बाजूला काढलं. पॅराफिन गॉज संपलाय, कागदी चिकटपट्टीचे दोनच रोल उरलेत, ओटी टेस्टचं द्रावण नवं लागेल. यंदा पेटी उचलायला दोन तरुण टाळकरी तयार झालेत. त्यांना फोडाचं आणि साखरेचं काम प्रस्थानाआधी एक रविवार काढून शिकवाल का? आणि तुमच्या स्वतःच्या गुडघ्यासाठी गाडीत जागा धरून ठेवली आहे, पुढच्या विसाव्यापर्यंतची.

आपले,
दिंडीतले विणेकरी, टाळकरी, तुळशीवाल्या, स्वयंपाकातल्या माउली आणि व्यवस्थापक