आई, बेसन या वेळी मी भाजते

पुणे,
कोजागरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री कोजागरीचं दूध आटवायला ठेवलं आणि नेमका ऑफिसचा फोन आला. दहा-बारा मिनिटांनी येऊन बघते तर दूध बुडाला लागलेलं. करपलं नव्हतं, पण तळाशी तांबूस खरवड घट्ट धरली होती. दूध दुसऱ्या पातेल्यात ओतलं, खरवड चमच्यानं काढून तोंडात टाकली आणि आई, अगदी कुंद्याची चव लागली! बाबा ऑफिसातून येताना आणायचे, त्या पुड्यातल्या कुंद्याची. ओट्यापाशी उभ्या उभ्या सगळी खरवड खाल्ली आणि ठरवलं की या वेळी दिवाळीचं फोनवर बोलायचं नाही, पत्रच लिहायचं. फोनवर तू "होय की, बघू की" म्हणतेस आणि विषय दूधवाल्यावर नेतेस. पत्रात मला शेवटपर्यंत बोलता येईल.

यंदा बेळगावच्या घरात चौदा माणसं असणार. दादा-वहिनी मुलांना घेऊन बंगळूरहून येताहेत, आत्या निपाणीहून, मावशीकडचे चौघे खानापूरहून, आणि आम्ही तिघं. एवढी सगळी एकत्र किती वर्षांनी जमताहेत ते तूच मोज. म्हणून आत्ताच लिहिते. नाहीतर मी पोचेपर्यंत तू अर्धा फराळ उरकून बसलेली असशील.

त्याआधी मागच्या दिवाळीतली एक गोष्ट सांगायची आहे. वर्षभर पोटात ठेवली आहे.

वसुबारसेच्या पहाटे मी पाणी प्यायला उठले होते. मागचं दार उघडं होतं. तू परसात जास्वंदीच्या बुडाशी वाकून पातेल्यातलं काहीतरी ओतत होतीस आणि पायानं त्यावर माती लोटत होतीस. मला वाटलं, चुलीतली राख असेल. सकाळी फुलं काढायला गेले तेव्हा मातीतून बेसनाचे काळपट गोळे वर आलेले दिसले. करपलेल्या तुपाचा वास तिथं तसाच होता. दुपारी तू बाबांना सांगितलंस की गिरणीवाल्यानं जुनी डाळ दळून दिली, पीठच खराब निघालं. बाबा पिशवी घेऊन भांडायला निघाले तेव्हा त्यांना दारातून मागं फिरवणारीही तूच. मग तू नवीन पीठ आणवलंस, परत दोन तास उभी राहिलीस आणि लाडू झाले. आम्ही खाल्ले, वाखाणले. नरकचतुर्दशीला सगळी फराळाला बसली तेव्हा तू आतल्या खोलीत कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून पडली होतीस.

मला कळलं होतं आई, आणि मी विचारलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. ते चुकलं माझं. विचारलं असतं तर डोळे आधी तपासून झाले असते. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, पिवळट होतं, रंग मळकट दिसायला लागतात. बेसनाचा तर सगळा खेळ पिवळ्याकडून तांबूसकडे जातानाच्या दोन-तीन मिनिटांचा. त्यात तुझं काय चुकलं? एरवी तुझ्या नाकानं तुला सांगितलं असतं, पण त्या दिवशी तुला सर्दी होती. चाळीस वर्षं या हातानं कधी बेसन बिघडलं नाही, आणि एकदा बिघडलं ते तू अंधारात एकटीनं पुरलंस, हे मला सहन होत नाही. यापुढे असं काही झालं तर मला हाक मार. आपण दोघी मिळून पुरू.

बाबा, तुम्ही हे वाचून तिला काही बोलू नका. गिरणीत जाऊन त्या माणसाशी मात्र दोन शब्द गोड बोलून या.

आता यंदाचं. तळणीचं काहीही घरी करायचं नाही. चकली, शेव, शंकरपाळी बचत गटातल्या बायकांकडून घेऊ, दादानं पैसे देतो म्हटलंय. करंज्या शेजारच्या अक्का दरवर्षी देतातच. त्यांची करजीकाई येते आणि आपलं ताट जातं, ते तसंच चालू राहू दे. गोड मात्र घरचंच हवं. पण ज्याला चार तास उभं राहावं लागणार नाही आणि मुलांनाही हात लावता येईल असं. मी चार पदार्थ ठरवलेत. मांडे मनातलेच राहू देत! उपड्या खापरावर रुमालासारखा मांडा टाकणारे हात आपल्या घरात आता नाहीत. आजीबरोबर ते गेलं. मांडे विकतच आणू.

पहिलं श्रीखंड. पाडव्याच्या आदल्या रात्री मी चक्का टांगून ठेवीन. दोन लिटर घट्ट दह्याचा पाऊण किलोच्या आसपास चक्का निघतो. तेवढ्याला अर्धा-पाऊण किलो पिठीसाखर, पण आपण अर्ध्यावरच थांबू. साखर मिसळून तासभर ठेवायचं आणि मग पुरणयंत्रातून काढायचं. यंत्र फिरवायला दादाचा थोरला. मागच्या मे महिन्यात त्यानं आमरसाला ते यंत्र मागितलं होतं आणि आपण "सांडशील" म्हणून दिलं नव्हतं. या वेळी सांडू दे.

दुसरी हुग्गी, गूळ घातलेली गव्हाची खीर. ही वहिनी करणार. तिच्या माहेरी धारवाडकडं लग्नात हुग्गीशिवाय पान वाढत नाहीत, आणि लग्न होऊन नऊ वर्षं झाली तरी आपण तिला कधी "तुझ्या घरची हुग्गी कर" म्हटलं नाही. ही आपली उणीव आहे, आणि ती तुझ्या तोंडून भरून निघाली तर तिला जास्त बरं वाटेल. खपली गहू सडलेला मिळाला तर उत्तम. रात्री भिजवायचा, सकाळी कुकरला सहा-सात शिट्ट्या. दाणा बोटात चिरडला गेला पाहिजे, मगच गूळ घालायचा. आधी गूळ पडला की गहू शिजायचा थांबतो आणि कितीही शिट्ट्या दिल्या तरी चरचरीत राहतो. खसखस, सुकं खोबरं, जायफळ. दूध वाढताना वरून. गुळासकट उकळलं तर फाटतं. हे सगळं मला तिनंच फोनवर सांगितलं आणि सांगताना तिचा आवाज इतका खुलला होता!

तिसरे पुठाण्याचे लाडू. डाळं आधीच भाजलेलं असतं, त्यामुळे कढईपाशी उभं राहायचं काम नाही. डाळ्याचं पीठ दोन वाट्या, पिठीसाखर एक वाटी, पाऊण वाटी कोमट तूप, वेलची. धाकट्या मुलांना ताटाभोवती बसवलं की ती वळतील. एकसारखे होणार नाहीत, पण चौदा माणसांच्या घरात कोण मोजत बसलंय. बाबा, तुमचे लाडू मात्र सुपारीएवढे. तुम्ही "गुळाचं चालतं" म्हणता ते चालत नाही, रक्तात गेल्यावर गूळही साखरच. खजुराचंही तेच. डॉक्टरांनी सणाला अजिबात नको असं म्हटलेलं नाही, म्हणून तुम्ही सगळं खायचं, पण चमचाभर, आणि जेवणानंतर. मी वेगळं "शुगरवाल्यांचं" करून तुम्हाला बाजूला बसवणार नाही. जे सगळ्यांच्या ताटात तेच तुमच्या ताटात, फक्त वाटी लहान. वेलचीची पूड तुमच्याकडं. खलबत्त्यात चिमूटभर साखर टाकून कुटली की साल राहत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय.

चौथा कुंदा. हसू नका! बेळगावात राहून कुंदा घरी कोण करतं, असं बाबा म्हणणारच. मला दुकानाची बरोबरी करायची नाही. पण कालच्या खरवडीनं हुरूप आला आणि आज रविवार म्हणून एक लिटर म्हशीच्या दुधाचा करून बघितला. दूध जाड बुडाच्या कढईत निम्मं होईपर्यंत आटवलं. मग दोन चमचे दही घातलं. बघता बघता दूध फुटलं आणि बारीक दाणे धरले. तो दाणा हाच कुंद्याचा जीव, दही नाही घातलं तर नुसती रबडी होते. पाणी आटत आलं तशी निम्मी साखर कढईत घातली आणि निम्मी दुसऱ्या भांड्यात कोरडीच वितळवून तांबूस केली. मिळून सव्वाशे ग्रॅम. ती तांबूस साखर ओतताना कढई खाली उतरवायची आणि हात लांब ठेवायचा, कारण दुधात पडताच ती जोरात उसळते. माझ्या मनगटावर एक थेंब उडाला, फोड वगैरे काही नाही, काळजी करू नकोस. मग मंद आचेवर हलवत राहायचं. रंग आधी बदामी, मग तपकिरी, आणि शेवटी कडेनं तूप सुटायला लागलं की झाला. सव्वा तास लागला. एका लिटरला पाव किलोच्या थोडा वर निघाला. जावयांनी एकट्यानं त्यातला निम्मा संपवला. दिवाळीत तीन लिटरचा करू, पण हलवायला पाळ्या लावू, दर वीस मिनिटांनी माणूस बदलायचं.

आणि बेसनाचे लाडू. ते सुटणार नाहीत. पुठाण्याचे लाडू मुलांसाठी, बेसनाचे देवासाठी आणि आपल्यासाठी. पण बेसन मी भाजणार, आणि तू कढईपासून तीन हातांवर खुर्चीत बसायचं. डोळे मिटून बसलीस तरी चालेल. रवाळ दळलेलं अर्धा किलो पीठ, पाव किलो तूप, मंद आच, अर्धा तास तरी. पीठ सुरुवातीला चिखलासारखं जड लागतं, मग हळूहळू उलथन्याला हलकं होतं आणि सैल पडतं, एवढं मला पाठ आहे. त्यानंतर कच्च्या डाळीचा वास जाऊन खमंग वास येतो तो क्षण मला नेमका कळत नाही. पुण्यात मी चार वेळा केले. दोनदा कच्चे राहिले, टाळ्याला चिकटत होते. भीतीपोटी मी लवकर उतरवते. तू लहानपणी माजघरातून ओरडायचीस ना, "काय करलालीस गं, उतरव की आता!" आणि मी धावत जाऊन बघायची तर पीठ अगदी हवं तसं झालेलं असायचं. दोन खोल्या पलीकडून तुला कळायचं. ते नाक मला हवंय. तू "बास" म्हणशील तेव्हा मी गॅस बंद करीन, दुधाचा हबका मारीन, आणि मग तू सांगशील तितका वेळ गार होऊ देईन. गरम पिठात साखर घातली की ती विरघळून लाडू बसतात, हे तू दरवर्षी सांगतेस आणि मी दरवर्षी घाई करते. या वर्षी नाही.

डोळ्यांचं ऑपरेशन भाऊबीज झाल्यावर लगेच ठेवू. मी त्यासाठी आणखी आठ दिवसांची रजा टाकली आहे, तू "नंतर बघू" म्हणू नकोस. ऑपरेशननंतर काही दिवस वाकायचं नाही, धुरात जायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. म्हणून तर सगळं आधी उरकायचं.

बाबा, रविवार पेठेतून आणायचं ते लिहिते : हरभरा डाळ दोन किलो (निवडून, आणि दळायला त्याच गिरणीत), डाळं एक किलो, खपली गहू एक किलो, कोल्हापुरी गूळ एक ढेप लहान, खसखस शंभर ग्रॅम, दोन जायफळं. तूप मी इथून कढवून आणते. ओझं एकदम उचलू नका, रिक्षा करा. आम्ही वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघतो, रात्री पोचू. जेवायला थांबू नका. पिठलं-भात ठेवला तरी पुष्कळ.

अक्कांना नमस्कार सांगा. त्यांच्या ताटात या वर्षी आपला कुंदा जाईल.

तुमचीच,
धाकटी

ता. क. : आई, माळ्यावरची मोठी पितळी कढई काढू नकोस, ती दादा आला की काढेल. आणि खुर्ची हात असलेली घे, स्टुलावर बसायचं नाही.