सूचना : धुराड्याशिवाय चालणारे गॅस हीटर

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, ज्यांच्या घरी धुराडे नसलेला गॅस हीटर आहे किंवा या थंडीत बसवायचा आहे, त्यांनी येत्या रविवारी सकाळी १० वाजता सभागृहात यावे. हीटरसोबत आलेले माहितीपत्रक जरूर आणा.

या हीटरचा धूर बाहेर जात नाही, सगळा खोलीतच राहतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. म्हणून बैठकीची वाट न पाहता आजपासूनच हे पाळा :

- झोपायच्या खोलीत आणि न्हाणीघरात हीटर नको. झोपण्यापूर्वी तो बंदच करा, थंडी कितीही असो.
- हीटर चालू असताना खिडकी थोडी उघडी हवी. ऊब जाते म्हणून फट बुजवू नका, ही विनंती कळकळीची आहे. १ किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते. काचा ओल्या दिसल्या तर हवा खेळत नाही असे समजा.
- जोडणी प्रशिक्षित माणसाकडूनच. गळती साबणाच्या पाण्याने तपासा, काडी पेटवून कधीही नाही.
- पडदे, अंथरुणे किमान १ मीटर लांब.
- ज्योत निळी असावी. पिवळी झाल्यास हीटर बंद करून दुरुस्ती करून घ्या.

डोके दुखणे, चक्कर, मळमळ एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांना जाणवली तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग डॉक्टरांना बोलवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्यायचा असल्यास नाव शनिवारपर्यंत सचिवांकडे द्यावे.