वह्या गोळा करायला शिकव

प्रिय बाईसाहेब,

(आता खरंच बाई झालीस, तेव्हा चिडायचं नाही.) तुझा मेसेज वाचला पण उत्तर द्यायला आज रविवार उजाडला, घसा पार बसलाय. तू विचारलंस पाचवीच्या पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवू, तर अगं, वह्या गोळा करायला शिकव! हसू नकोस. मी पहिल्या वर्षी थेट पहिला धडाच उघडला होता, मग वर्षभर वह्या घेताना रोज 10 मिनिटं नुसती ढकलाढकली, म्हणजे आठवड्याचा जवळजवळ एक तास पाण्यात. यंदा घड्याळ लावलं. सोमवारी 4 मिनिटं लागली, शुक्रवारी 50 सेकंद, आणि पोरं अशी ओरडली की शेजारच्या बाई बघायला आल्या.

हे वय मजेशीर असतं बघ. वहीवर स्टारचा स्टिकर लावला की 'आम्ही काय बालवाडीत आहोत का' असं तोंड करतात. एकाने तसंच केलं, आणि मधल्या सुट्टीत तोच स्टिकर नखाने हळूच काढून कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. मी पाहिलंच नाही असं दाखवलं.

गणिताचं म्हणशील तर आधी चाचपून बघ, सुट्टीत बरंच वाहून गेलेलं असतं. 1/8 मोठा की 1/4 विचारलं तर अर्ध्याहून जास्त वर्ग म्हणाला 1/8, कारण काय तर 8 मोठे! समजावत नाही बसले, कागदाच्या पट्ट्या दिल्या घड्या घालायला.

आणि प्रश्न विचारलास की थांब गं जरा. मेरी बड रो नावाच्या बाईंनी 1970 च्या दशकात वर्गावर्गात हे मोजलं होतं, शिक्षक सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबतात, 3 सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. मी मनात एक-दोन-तीन मोजते, जाम जड जातं. पण परवा पट्टी हातात घेऊन खिडकीजवळची एक, जी आठवडाभर हूं की चूं करत नव्हती, म्हणाली, "बाई, वाटेकरी वाढले की वाटा लहान."

नावं मात्र पहिल्या दोन दिवसांत पाठ कर, "ए निळ्या दप्तरवाल्या" अजिबात चालत नाही त्यांना. चल, वह्यांचा गठ्ठा बघतोय माझ्याकडे. तुझे किती सेकंद झाले ते कळव.

तुझीच,
घसा बसलेली