काइट उचलायच्या आधी वारा कुठे जातोय ते बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेली आठ वर्षं मी काइटबोर्डिंग करतेय, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर बोर्डवर उभं राहून पाण्यावरून सुसाट जायचा जो खेळ आहे तो. हे पत्र खेळणाऱ्यांच्या विरोधात नाही आणि पोरंबाळं घेऊन बीचवर येणाऱ्यांच्या विरोधात तर अजिबातच नाही, पण मध्यंतरी माझ्याच हातून जे होता होता राहिलं त्यानंतर गप्प बसवत नाही म्हणून लिहितेय.

रविवार होता, संध्याकाळची वेळ, बीच फुल्ल. मी पाण्यातून बाहेर आले, काइट डोक्यावर सरळ वर धरलेली, आमच्या भाषेत बारा वाजता, आणि कोणीतरी काइट पकडून उतरवायला येईल म्हणून वाट बघत उभी होते. ओळखीचं माणूस भेटलं, बोलणं सुरू झालं. दोन मिनिटं झाली असतील नसतील, वाऱ्याचा एक झोत आला आणि मी वाळूवरून उचलले गेले, चार-पाच मीटर पुढे जाऊन गुडघ्यांवर आपटले. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण मी पडले तिथून हातभर अंतरावर एक लहान मुलगा वाळूत खड्डा खणत बसला होता, पाठ माझ्याकडे, त्याला काही कळलंही नाही. त्याची आई एक शब्द बोलली नाही, तिने मुलाला उचललं आणि निघून गेली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं मला.

चूक पूर्णपणे माझी होती आणि नेमकी काय ते सांगते, कारण ही चूक मी रोज बघते. काइट बरोबर डोक्यावर असली की ओढ सगळ्यात कमी लागते, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो, त्याला वाटतं आता ती पार्क केलीय. पण जी काही ओढ असते ती सरळ वरच्या दिशेने असते आणि झोत आला की पायाखाली पकडच राहत नाही. किनाऱ्याजवळ काइट खाली, पाण्याच्या बाजूला धरायची आणि बाहेर आलात की लगेच लँड करायची, गप्पा नंतर. हे मला माहीत होतं. माहीत असून केलं नाही.

ज्यांनी हा खेळ जवळून बघितला नाही त्यांना त्या काइटच्या ताकदीचा अंदाज येत नाही. ती साधारण ७ ते १२ चौरस मीटरची असते, एखाद्या खोलीएवढी, आणि ती आमच्यापासून वीस-पंचवीस मीटर लांब उडते, चार-पाच बारीक दोऱ्यांवर. या लाइन्स कापसाच्या किंवा साध्या नायलॉनच्या नसतात, डायनीमासारख्या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याच्या असतात, ताणल्या की पूर्ण माणसाचं वजन सहज पेलतात आणि ताणलेल्या लाइनच्या मध्ये हात, पाय, मान काही आलं तर ती सुरीसारखी कापते. वाऱ्याचंही गणित सरळ नाही, वेग दुप्पट झाला तर ओढ दुप्पट नाही, चौपट होते. १५ नॉटचा वारा, म्हणजे ताशी साधारण २८ किलोमीटर, झोतात २० नॉटवर गेला की ओढ जवळजवळ पावणेदोन पट. वारा थोडाच वाढलाय असं आम्ही म्हणतो तेव्हा ‘थोडा’ म्हणजे हे.

आता मुद्द्याचं. माझ्या मते या खेळातला सगळ्यात धोक्याचा भाग पाण्यात नाहीच, तो वाळूवर आहे, लाँच करताना, म्हणजे काइट हवेत उचलताना, आणि लँड करताना, शेवटच्या पन्नास मीटरमध्ये. पाण्यात पडलं तर पाणी झेलतं. वाळूवर माणसं असतात, खुर्च्या, छत्र्या, खडक, भिंती, पार्क केलेल्या गाड्या. आणि काही बिघडलं की काइट, लाइन्स आणि खेळाडू तिघंही एकाच दिशेने जातात, वारा जातो त्या दिशेने. म्हणजे धोका सगळीकडे सारखा नसतो, तो एका बाजूला साठलेला असतो, ज्याला आम्ही डाउनविंड म्हणतो. ही एवढी एक गोष्ट बीचवरच्या प्रत्येकाला कळली तरी अर्धे अपघात टळतील असं मला मनापासून वाटतं.

म्हणून खेळणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं, डाउनविंडला किमान दोन लाइन्सच्या लांबीएवढी, म्हणजे पन्नास मीटर तरी, जागा मोकळी नसेल तर काइट उचलायचीच नाही. लोकांना ‘जरा सरका’ म्हणून ओरडत जागा करायची नाही, आपण आपलं सामान उचलून पुढे चालत जायचं, दहा मिनिटं लागतील, लागू देत. जागा मोकळी ठेवणं ही आपली जबाबदारी आहे, टॉवेल टाकून पडलेल्या माणसाची नाही, त्याला वारा कुठून येतोय हे माहीत असायचं काही कारण नाही. मला माहितीय यावर काही मित्र चिडतील, बीच सगळ्यांचा आहे म्हणतील. आहेच की, म्हणूनच म्हणतेय.

दुसरं, लाइन्स पसरून निघून जाऊ नका हो. काइटमध्ये हवा भरली, लाइन्स चोवीस मीटर पसरल्या आणि मग साहेब हार्नेस, म्हणजे काइट ज्याला अडकवतात तो कमरेचा पट्टा, शोधायला गाडीकडे गेले, हे दर रविवारी दिसतं. लोक त्यावरून चालतात, मुलं अडखळतात आणि नेमकं त्याच वेळी कोणाची तरी काइट वाऱ्याने उडाली तर त्या वाळूतल्या निरुपद्रवी दिसणाऱ्या दोऱ्या एका सेकंदात ताणल्या जातात. सगळी तयारी झाली की मगच लाइन्स उलगडा, लँड केलं की लगेच गुंडाळा. जमिनीवरची काइट उलटी, जाड कडा वाऱ्याकडे, आणि वर पुरेशी ओली वाळू, तेही मूठभर टाकून नाही.

तिसरं म्हणजे लाइन्स तपासणं. उजवी डावीकडे लागली किंवा एक दोरी दुसरीवरून गेली तर काइट वर जाताच गरागरा फिरायला लागते आणि बार, म्हणजे काइट वळवायचा हातातला दांडा, कसाही ओढला तरी ऐकत नाही. प्रत्येक लाइन बारपासून काइटपर्यंत नजरेने चालत जायची, मदतनीसालाही बघायला सांगायचं, आणि दोघांचीही खात्री झाल्यावरच अंगठा वर करायचा. हा मदतनीस शिकलेला हवा. रस्त्याने जाणाऱ्या पर्यटकाच्या हातात काइट देऊन ‘मी सांगितलं की सोडा’ म्हणणं मला अक्षम्य वाटतं, त्या बिचाऱ्याला ना वाऱ्याची दिशा माहीत, ना कधी सोडायची ते, आणि काही झालं तर आयुष्यभर त्याच्या मनाला लागून राहणार.

आणि क्विक रिलीज, म्हणजे आणीबाणीची कळ. बार सोडणं, त्याने भागलं नाही तर क्विक रिलीज दाबून काइटचा जोर काढून टाकणं, आणि तरीही ओढत नेत असेल तर शेवटी सेफ्टी लीश, म्हणजे काइटला आपल्याशी जोडून ठेवणारी दोरी, तीसुद्धा सोडून देणं, या तीन पायऱ्या सगळ्यांना तोंडपाठ असतात पण हाताला सवय नसते. किती जण दर वेळी पाण्यात शिरायच्या आधी रिलीज एकदा उघडून, वाळू झटकून, परत जोडून बघतात? वाळू आणि मीठ साचून तो अडकतो. शेवटच्या पायरीचंही एक आहे, गर्दी असलेल्या बीचवर लीश सोडली तर काइट मोकाट सुटते आणि तिच्यामागे चोवीस मीटर लाइन्स फरफटत लोकांमधून जातात, म्हणजे आपला जीव वाचवताना दुसऱ्याचा धोक्यात. म्हणून तर ती जागा आधीच मोकळी हवी. सगळं फिरून तिथेच येतं.

थोडं मागचं सांगते, कारण त्यातून एक गोष्ट कळते. पाण्यावर पडली तरी परत उडवता येईल अशा हवा भरलेल्या काइटचं पेटंट ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी १९८४ मध्ये घेतलं, आणि खेळ खऱ्या अर्थाने पसरला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी. त्या सुरुवातीच्या काइट्स भयंकर होत्या, बार सोडला तरी ओढ फारशी कमी व्हायची नाही. २००५ च्या आसपास नवीन आकार आले, ज्यात बार लांब ढकलला की बरीचशी ताकद निघून जाते. २०२० मध्ये रिलीज सिस्टीमसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं स्टँडर्डही आलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मार्सेच्या समुद्रात काइटच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या आणि तेव्हापासून तर शिकायचंय म्हणून मलाच कितीतरी जण विचारतात. सामान सुधारलं, खेळणारे वाढले, बीच मात्र होता तेवढाच राहिला. आणि सामान चांगलं झाल्यामुळे आपण बेफिकीर झालोय असं मला वाटतं, जुने लोक घाबरून असायचे ते बरं होतं.

वाऱ्याची वेळ आणि गर्दीची वेळही नेमकी एकच असते. जमीन तापली की दुपारनंतर समुद्राकडून वारा वाढतो, आमच्यासाठी तो सगळ्यात चांगला, आणि ऊन उतरलं म्हणून लोकही तेव्हाच येतात. हा समुद्री वारा अगदी सरळ किनाऱ्याकडे येत असेल तर तो आम्हाला थेट माणसांच्या अंगावर नेतो. उलट जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा बीचवरच्यांना त्रास देत नाही पण खेळाडूला आत घेऊन जातो, बोट सोबत नसेल तर त्यात उतरूच नये. किनाऱ्याला समांतर किंवा थोडा तिरपा आत येणारा वारा सगळ्यात बरा. आणि लांब काळा ढग दिसला की लँड करायचं, ‘अजून एक राउंड’ नको, असा ढग येताना वारा एकदम दुप्पटही होतो आणि दिशाही बदलतो.

पाण्यातले नियम मी फार लांबवत नाही. पोहणाऱ्याला नेहमी आधी जागा, यात अपवाद नाही. बाहेर येणाऱ्याने आत जाणाऱ्याला वाट द्यायची, कारण आत जाणारा वाळूजवळ अडचणीत असतो. समोरासमोर आलो तर ज्याचा उजवा हात पुढे त्याचा हक्क, आणि एकमेकांजवळून जाताना वारा जिकडून येतो त्या बाजूच्याने काइट उंच धरायची, वारा जातो त्या बाजूच्याने खाली, म्हणजे लाइन्स अडकत नाहीत. राहिल्या उड्या. बीचवर लोक मोबाइल काढून बघतायत म्हणून त्यांच्यासमोर, पोहणाऱ्यांच्या डोक्यावरून उडी मारणारे जे आहेत त्यांना मी तोंडावर सांगते आणि इथेही लिहिते, हे कौशल्य नाही. उडी मारलेला माणूस वाऱ्याबरोबर बराच पुढे जाऊन उतरतो, आणि तिथे खाली कोण डोकं वर काढेल हे हवेत असताना ठरवता येत नाही.

आता बीचवर येणाऱ्यांसाठी, तुमची जबाबदारी म्हणून नाही, तुमच्या जिवासाठी. काइटवाला दिसला तर वारा तुमच्या चेहऱ्यावर येतोय की पाठीवर ते बघा आणि बघायचंच असेल तर त्याच्या पाठीमागे, वारा जिकडून येतो त्या बाजूला थांबा. खेळाडू आणि काइट यांच्यामधून कधीही जाऊ नका, काइट जमिनीवर पडलेली असली तरी नाही. पडलेल्या काइटकडे मुलं धावत जातात, त्यांना थांबवा. लाइन्सना हात लावू नका, बोटाला गुंडाळून ओढून बघणं तर मुळीच नको. कोणी डोक्यावर हात थोपटत तुमच्याकडे बघत असेल तर तो लँड करायला मदत मागतोय, माहिती नसेल तर सरळ मान हलवून नाही म्हणा, त्यात संकोच कसला. खेळाडू फरफटत चालला असेल तर धावत जाऊन काइटच्या समोर उभं राहू नका, लांबून जीवरक्षकाला बोलवा.

बंदी घाला असं म्हणणारेही आहेत आणि त्यांचा राग मला समजतो, पण बंदी घातली की लोक जीवरक्षक नसलेल्या, खडकाळ जागी जाऊन खेळतात आणि तिथे काही झालं तर कळतही नाही. त्यापेक्षा पोहण्याची हद्द आणि काइट उचलण्या-उतरवण्याची हद्द झेंडे आणि बोये लावून वेगळी करा, गर्दीच्या तासांना काइटची हद्द बंद ठेवा, आणि एका खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी लावा, विमानतळावर असते तशी. जीवरक्षकांना क्विक रिलीज कुठे असतो आणि कसा ढकलायचा हे एकदा हातात देऊन दाखवा, बेशुद्ध खेळाडूला काइटपासून सोडवायचं तर त्यांनाच सोडवावं लागणार आहे. यासाठी कोणी बोलावलं तर मी माझं सामान घेऊन यायला तयार आहे.

आपल्याला एक विनंती. वाऱ्याचा सीझन सुरू व्हायच्या आधी पेपरात एक छोटं चित्र छापाल का? त्यात वाऱ्याचा बाण, खेळाडू, काइट, तिच्या पुढचा पन्नास मीटरचा लाल पट्टा आणि लोकांनी उभं राहायची जागा, एवढंच हवं. बीचवर येणारी आई हे पत्र वाचेल की नाही मला सांगता येत नाही, पण चित्र ती मुलाला दाखवेल.

आपली,
एक काइटबोर्डर वाचक