देवगडच्या काकांना, त्या अष्टमीच्या दुपारबद्दल

काका, साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहितीये मला, म्हणून तुमची नात हे तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवणार आहे, तसं तिच्याशी ठरलंय. तुमचं नाव कुठेही घातलेलं नाही कारण तुम्हीच बजावलं होतं, "माझा नाव खंय घालू नको गो बाय." नाही घातलं. पण पत्र सगळ्यांसमोर लिहितेय कारण छोटी होडी घेऊन हिवाळ्यात गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणारे हौशी लोक आता बरेच झालेत, आणि तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कानावर पडायला हवं. आणि दुसरं म्हणजे तुम्ही समोर असलात की मी आभार मानायला लागले की तुम्ही जाळं विणायची सुई हातात घेता आणि खाली बघत बसता, मग माझं वाक्य अर्धंच राहतं. म्हणून लिहून.

तर तो जानेवारीतला दिवस. आमची फायबरची 17 फुटी होडी, मागे 9.9 एचपीचं मशीन, होडीत मी आणि माझा भाचा, तेव्हा 14 वर्षांचा. होडी मी आणि भावाने मिळून घेतलेली, भाऊ नोकरीला मस्कतला, त्यामुळे हिवाळ्यात सुट्टी काढून पुण्याहून मी येते आणि पोराला घेऊन मीच जाते. सकाळी साडेसहाला खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो तेव्हा समुद्र इतका शांत होता की काय सांगू, जमिनीवरून येणारा मतलई वारा पाठीवर, होडीच्या कडेवर दव, हात गारठलेले, मागे पवनचक्क्या धुक्यात अर्ध्याच दिसत होत्या. हिवाळ्यातली ही पहाट ज्याने होडीतून बघितलीये त्याला कळेल की आम्ही एवढ्या लांबून का येतो. पिसांच्या गऱ्या लावून बांगडे गरवले, दहा-बारा मिळाले, मग सुरमई लागते का बघायला गरी मागे सोडून हळूहळू कुणकेश्वराच्या दिशेने जात राहिलो, अकरा कधी वाजले कळलंच नाही.

आणि साडेअकराच्या सुमाराला मशीन किंचाळायला लागलं. एकसुरी बीप. मी घाबरून बंद केलं, दोन मिनिटांनी परत चालू केलं, परत बीप, परत बंद. आणि मग दोरी ओढून ओढून माझा खांदा भरून आला तरी ते उठेना. तेवढ्यात वारा फिरला. तुम्ही नंतर सांगितलंत तसं, हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून वाहणारा वारा अकरा-बाराला पडतो आणि मग वायव्येकडून समुद्रावरचा खारा वारा उठतो, तो संध्याकाळपर्यंत वाढतच जातो, पण हे मला फक्त शाळेच्या भूगोलात माहीत होतं. अर्ध्या तासात लाटांना पांढरी तोंडं फुटली आणि आम्ही कुणकेश्वरच्या दक्षिणेकडच्या कातळाकडे सरकायला लागलो. किनारा अडीच-तीन किलोमीटरवर असेल. मी नांगर टाकला. पाणी आठ वाव, म्हणजे साधारण 15 मीटर, आणि माझ्याकडे दोरी 25 मीटर. नांगर तळाला लागला, एकदा अडकल्यासारखं वाटलं, सुटला, परत अडकला, परत सुटला. दोरीला हात लावला की तो तळावर घासत चाललाय हे बोटांना कळत होतं. फोनला रेंज येत-जात होती आणि कोस्ट गार्डचा नंबर मला पाठ नव्हता. आज सांगते, 1554, आता तो होडीच्या आतल्या बाजूला पेंटने मोठ्या आकड्यात लिहिलाय, आणि सागरी पोलिसांचा 1093 पण.

भाच्याने वल्ह्याला त्याचं लाल जॅकेट बांधलं आणि उभा राहून हलवत राहिला. रडत नव्हता. पण एक शब्द बोलत नव्हता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

तुम्ही आणि तुमचा मुलगा जाळी उचलून परत निघाला होतात. त्या दिवशी तुम्हाला बरी मासळी मिळाली होती, हे मी नंतर तुमच्या मुलाकडून ऐकलं, आणि दुपारच्या लिलावाची वेळ गाठायची होती. तरी होडी वळवलीत. जवळ आल्यावर मला वाटलं आता बोलणी बसणार, एक बाई आणि एक पोर, पाठीवर वारा घेऊन एवढं लांब कशाला आलात वगैरे, आणि ती मी ऐकून घेतलीच असती. पण तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते, "पयला पोराक पाणी दी." मग बाटली पुढे केलीत. मग दुसरं, "भियाव नको रे झिला."

काका, माणूस घाबरलेला असताना त्याला आधी पाणी द्यायचं आणि प्रश्न नंतर विचारायचे, हे मी त्या दिवसापासून घरी, ऑफिसात, सगळीकडे लक्षात ठेवलंय.

मग तुम्ही मशीन वर उचलायला लावलंत, वाकलात, आणि मशीनचा पाय जिथे पाण्यात असतो तिथल्या जाळीवरून एक प्लास्टिकची पिशवी सोलून काढलीत. सोलूनच, कारण ती आत ओढली जाऊन अशी चिकटली होती की सालीसारखी पट्ट्यापट्ट्यांनी निघाली. शेवटचा तुकडा तुम्ही नखाने खरवडला आणि माझ्या तळहातावर ठेवलात. "धार बघलंस नाय?" एवढंच विचारलंत. मशीन चालू असताना मागून पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते, ज्या पाण्याने मशीन थंड राहतं त्यातलंच ते पाणी बाहेर येतं, आणि ती धार थांबली म्हणजे मशीन आतून भाजायला लागलं. मी ती धार शेकडो वेळा बघितली होती. ती कशासाठी पडते हे मला होडी विकणाऱ्यानेही सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. आतला पाणी ओढणारा रबरी पंखा जळून गेला होता, तो नंतर बदलावा लागला, पण तुम्ही तिथे परत चालू करू दिलं नाहीत म्हणून बाकी मशीन वाचलं असं मेकॅनिक म्हणाला.

ओढून आणतानाही तुम्ही किती बारकाईने करत होतात ते मला अजून दिसतं. आमच्या होडीच्या पुढच्या दोन्ही कड्यांना दोरी बांधून मधोमध गाठ घेतलीत, म्हणजे होडी सरळ मागून येते, झोके खात नाही. आम्हाला दोघांना मागे बसवलंत, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, हलकी राहावी म्हणून. आणि दोरी दोनदा कमी-जास्त केलीत, तुमची होडी लाटेच्या माथ्यावर असताना आमचीही माथ्यावर असेल अशी, नाहीतर एक वर चढतेय आणि एक खाली उतरतेय असं झालं की मध्ये हिसका बसतो आणि कडी उपटून येते. जेटीला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते, लिलाव आटपला होता आणि तुमची मासळी मिळेल त्या भावाने गेली. मी पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही हात मागे बांधलेत. तुमच्या मुलाने पण.

पण खरं सांगू का काका, एवढं लांबलचक पत्र मी ओढून आणलंत म्हणून नाही लिहीत. तशी वेळ आली तर दर्यावरचा कुणीही माणूस ओढून आणतोच, तुम्हीच म्हणता. मी लिहितेय ते जेटीवर तुम्ही जे बोललात त्यासाठी. मी पोराला घेऊन घराकडे निघाले होते, मनात पक्कं केलं होतं की होडी विकायची, भावाला आजच फोन करायचा. आणि तुम्ही मागून हाक मारलीत, "उद्या सकाळी ये. झिलाक घेवन ये. माझ्या होडयेत." मी नको म्हणाले. तेव्हा तुम्ही जवळ येऊन त्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालात, "आता भियालो तर परत कधी येवचो नाय तो."

आम्ही आलो. तो सबंध रस्ता गप्प होता आणि होडीत चढताना त्याने माझा हात इतका घट्ट धरला की माझी अंगठी बोटात रुतली. तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत, नुसती लाकडी फिरकी त्याच्या हातात दिलीत, तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, त्याच्या पहिल्या बोटावरून घेतलात आणि म्हणालात डोळे मीट. शिसं तळाला टेकलं की हात हलका होतो, तिथून हातभर वर उचलायचं. बारीक मासे आमिष कुरतडतात तेव्हा टकटक टकटक असं येतं, तेव्हा काही करायचं नाही. आणि तांबोशी लागते तेव्हा टकटक नसते, एकदाच बोट खाली जातं. तुमच्या स्वतःच्या बोटावर त्या तंगुसाने पडलेली खाच आहे, नखाच्या खाली, आडवी, इतकी खोल की दोरा तिथे आपोआप बसतो. भाच्याने ती बोट लावून बघितली होती, आठवतंय? त्या सकाळी त्याला दोन किलोच्या आसपासची एक तांबोशी लागली. वर येताना आधी पाण्यात नुसता तांबूस रंग दिसला, आकार नाहीच, आणि मग एकदम ती पाठ उन्हात आली. तो ओरडला. आदल्या दुपारपासूनचा त्याचा पहिला आवाज होता तो, काका, आणि मी तोंड फिरवून डोळे पुसले, तुम्ही बघितलंत की नाही माहीत नाही.

नंतरचे आठ दिवस तुम्ही आम्हाला शिकवत राहिलात. नांगराची दोरी पाण्याच्या निदान तिप्पट, वारा असेल तर पाचपट, आणि नांगराला दोन मीटर साखळी, कारण नांगर वजनाने नाही धरत, आडवा ओढला गेला की तळात रुततो, आणि दोरी तोकडी असली की लाट त्याला सरळ वर उपटते. सुरमईला तंगुसाच्या पुढे स्टीलची तार हवीच, तिच्या दातांपुढे तंगूस टिकत नाही. जागा लक्षात ठेवायची तर जमिनीवरच्या दोन खुणा एका रेषेत आणि बाजूच्या दुसऱ्या दोन खुणा एका रेषेत, जिथे दोन्ही जुळतात तिथे खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक. (तुमच्या खुणा मी कुणालाही सांगितलेल्या नाहीत, इथेही नाही.) आणि पिल्लं लागली की परत पाण्यात, ते सुद्धा हात ओला करून धरायचं म्हणजे त्याच्या अंगाचा चिकटा निघत नाही.

आणि ती पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा! ही मात्र सगळ्यांना सांगते. मी भरतीची वेळ ॲपवर बघत होते तेव्हा तुम्ही विचारलंत आज तिथी काय, मी म्हटलं अष्टमी होती काल, आज नवमी. "आठ पाऊण सहा," तुम्ही म्हणालात, "काल साक भरती, बाराक सुकती," म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ, शुद्ध पक्ष असो की वद्य, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे, आणि तीच वेळ साधारण बारा तासांनी परत. पुनवेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, उधाणाची भरती दुपारी-मध्यरात्रीच्या आसपास. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाण्याला ओढ कमी. आम्ही म्हणून बचावलो थोडे, भांग नसता तर खाडीच्या तोंडावर ओहोटीचं पाणी आणि समोरून वारा अशी गाठ पडली असती, तिथे लाटा उभ्या राहतात. माझी आजी पावकी-निमकी-पाऊणकी म्हणायची तेव्हा मला वाटायचं जुन्या हिशोबाच्या गोष्टी. भाच्याने पाऊणकी तीन दिवसांत पाठ केली.

जेटीवर बसून तुम्ही एकदा म्हणालात की पूर्वी हिवाळ्यात एवढ्या लांब जावं लागत नव्हतं. एलईडी लाईट लावून मासे ओढायला 2017 पासून बंदी आहे तरी रात्री बाहेर उजेड दिसतो, तुम्ही बोटाने दाखवलंत. आवाज चढवला नाहीत. मला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण आम्ही चार बांगडे आनंदासाठी गरवतो आणि तुमचं घर त्याच पाण्यावर चालतं, आणि तरी मासळीचा दिवस सोडून तुम्ही आमच्यासाठी वळलात.

भाचा यंदा दहावीला आहे, अभ्यासाला बसतो, पण टेबलासमोर भिंतीवर त्याने तो पिशवीचा तुकडा चिकटपट्टीने लावलाय आणि खाली लिहिलंय "पयली धार बघ, मगे मासो." तुमचंच वाक्य.

आम्ही नाताळच्या सुट्टीत येतोय. 75 मीटरची नवी दोरी घेतलीये साखळीसकट, आणि तशीच एक तुमच्या होडीसाठी पण आणतेय, तुमची आता पार विरलीये हे मी बघितलंय, तेव्हा हात मागे बांधू नका. पोचल्यानंतरच्या पहिल्या षष्ठीला जाऊया. सहा पाऊण साडेचार, म्हणजे साडेचारला भरती, सहाला पाणी चांगलं ओहोटीला लागलेलं असेल आणि वारा पाठीवर. आम्ही साडेपाचपासून जेटीवर उभे असू. चहा मी आणते.

तुमची,
लाल जॅकेटवाल्याची आत्या