अण्णा, ऑगस्टमध्ये बाग दादावर सोडा

लीड्स, ९ मार्च

ति. अण्णा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर अण्णांचं एकच पालुपद असतं, "द्राक्षबाग टाकून कुठं यायचं?" म्हणून या वेळी सगळं लिहूनच पाठवते आहे. पत्र मध्येच आईच्या हातात देऊन शेडकडे निघून जायची सोय नाही.

तुमचं ऑगस्टचं येणं मी पक्कं धरलंय. खरडछाटणी एप्रिलमध्येच उरकलेली असेल, ऑक्टोबरच्या छाटणीला अवकाश असेल, आणि मधली फवारणी दादा बघेल. चिनूच्या शाळेलाही तेव्हाच सुट्टी असते. त्यामुळे विमानवाले तिकिटाचे भाव चढवून ठेवतात, पण ती काळजी माझी. इथल्या मुक्कामातला एक आठवडा आपण लान्झारोते नावाच्या बेटावर जाऊ. बेट स्पेनचं, कानारिया बेटांपैकी एक, पण आहे आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर. इथून विमानानं चार-साडेचार तास.

ऑफिसात सगळ्यांचा जोर तेनेरिफेवर होता. तेही तिथलंच, ज्वालामुखीचंच बेट. तिथला तेइदे पर्वत ३,७१५ मीटर उंच, आणि ३,५५५ मीटरपर्यंत केबल कार नेते. पण आईचं बीपी आणि तिथली विरळ हवा, ही भानगड मला नको. आणि खरं सांगायचं तर कारण दुसरंच आहे. अण्णा, लान्झारोतेला द्राक्षबागा आहेत.

त्याही कशा, तर वर्षाकाठी १५० मिलिमीटरच्या आसपास पावसावर. नदी नाही, कालवा नाही, पिण्याचं पाणीसुद्धा समुद्राचं गोडं करून घेतात. १ सप्टेंबर १७३०च्या रात्री तिथे जमीन फाटली आणि पुढची सहा वर्षं लाव्हा आणि राख येत राहिली. यायझा गावचा पाद्री आंद्रेस लोरेन्झो कुर्बेलो यानं कुठलं गाव कधी गेलं ते लिहून ठेवलंय. बेटावरची सर्वांत चांगली धान्याची रानं गाडली गेली. कित्येक जण घरदार सोडून शेजारच्या ग्रान कानारिया बेटावर गेले. मागे राहिलेल्यांच्या हळूहळू ध्यानात आलं की राख उकरत जुन्या मातीपर्यंत पोचलं, तर तिथे वेल धरतो.

त्या भागाला ला हेरिया म्हणतात. मी फोटो आणि व्हिडिओ बघत रात्र रात्र जागते आहे. काळीभोर उतरण, आणि तिच्यात गोल खड्डेच खड्डे, काही तर माणूस आत उभा राहिला तर दिसणार नाही एवढे खोल. प्रत्येकाच्या तळाशी एखादाच वेल. मांडव नाही, तारा नाहीत. वेल जमिनीलगतच पसरलेला. वारा सतत ईशान्येकडून, म्हणून त्या अंगाला काळ्या दगडांची अर्धगोल, कंबरेएवढीही नसलेली भिंत, नुसती दगडावर दगड रचलेली. वरच्या राखेच्या खड्याला ते पिकोन म्हणतात. तो रात्रीचं दव शोषतो आणि दिवसा खालची ओल उडू देत नाही. आपण पाचट अंथरतो तेच काम, फक्त हे पाचट कुजत नाही.

एकरी वेल किती, हा हिशेब तुमच्या डोक्यात सुरू झाला असेलच. फारच थोडे. खड्ड्यात ट्रॅक्टर उतरत नाही, त्यामुळे सगळं हातानं; पूर्वी माल वाहायला उंट असत. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीनं युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा ती या बेटांवर आली नाही. म्हणून तिथला वेल स्वतःच्याच मुळावर उभा आहे, आपल्यासारखं डॉगरिजच्या खुंटावर कलम नाही. जात मालवासिया, वाइनची. तोडणी जुलैअखेरीस सुरू होते, म्हणून मी ऑगस्टचा पहिलाच आठवडा धरलाय. वाइन पिऊ नका, पण बाग तरी बघा. आपल्या निफाडच्या काळ्या रानाचा दगडही लाव्हाचाच ना, तो साडेसहा कोटी वर्षांचा. तिकडचा तीनशे वर्षांचा. एवढ्या कोवळ्या दगडात पीक कसं घेतात, हे तुम्ही बघितलंत तर मला जास्त समजेल.

आई, आता तुझं. तिमानफाया म्हणून राखीव जंगल आहे (जंगल म्हणजे नुसता लाव्हा, झाड एक नाही). गाडी वरपर्यंत जाते आणि पुढचं सगळं बसमध्ये बसूनच बघायचं, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. तिथे जमीन अजून तापलेली आहे. वरवरची खडी उकरून हातावर ठेवतात ती चटकते. जमिनीत पुरलेल्या नळीत बादलीभर पाणी ओतलं की दोन-चार क्षणांत वाफेचा लोट उसळतो. तिथल्या हॉटेलात त्याच आचेवर मांस भाजतात, ते तू बघू नकोस. श्रावण लागलेला असला तरी उपाशी राहणार नाहीस. सालासकट, भरपूर मिठाच्या पाण्यात आटवलेले छोटे बटाटे तिकडे घरोघरी होतात. फक्त सोबतची मोहो नावाची चटणी लसणाची असते, ती बाजूला सारायची. मी स्वयंपाकघर असलेलं घरच बघते आहे. गोडा मसाला आण. तूप आणि पेढे मात्र नकोत, दुधाचं काही आत नेऊ देत नाहीत.

उकाड्याचं म्हणशील तर ऊन कडक, पण वारा थांबत नाही. कधीतरी सहारातून धुळीची हवा येते, तेवढे दिवस घरात बसू.

आता कामाचं. ब्रिटनचा व्हिसा स्पेनला चालत नाही; शेंगेनचा, म्हणजे स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा, वेगळा काढावा लागतो आणि तो तुम्हाला तिकडूनच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, म्हणजे आताही करता येईल. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, तो मी काढते. अण्णांच्या पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने हवी, ती आधी बघा आणि दोघांच्या पासपोर्टचे फोटो दादाला व्हॉट्सअ‍ॅप करायला सांगा. बँकेचं स्टेटमेंट आणि सातबारा, दोन्ही काढून ठेवा.

यंदाचा माल कितीला गेला ते कळवा. आजीला नमस्कार, दादाच्या पोरांना गोड पापा.

तुमची लेक